वणवा विझवायचा कोणी? जंगलाचा कायदा आणि पाड्यांवरचे आपले शेजारी



काशिमिऱ्याहून घोडबंदरच्या रस्त्याला लागलो की उजव्या हाताला डोंगर सुरू होतो. हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदर अशा तीन शहरांच्या मधोमध उभे आहे. खाडीच्या पलीकडे नागला आणि त्याच्याही पुढे तुंगारेश्वरचे अभयारण्य. माशाचा पाडा, काजूपाडा, चेणे अशा वस्त्यांवर या जंगलाच्या कडेने वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. त्यांची घरे महानगरपालिकेच्या हद्दीत येतात, पण त्यांचे रोजचे जगणे मात्र वनखात्याच्या कायद्याखाली चालते.

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. या चार महिन्यांत डोंगरावर रात्री लाल रेघ दिसली की आपल्यापैकी बरेचजण एकच वाक्य बोलतात: "आदिवासींनी जंगल पेटवले." हे वाक्य कितपत खरे आहे? वणवा लागू नये म्हणून कायद्याने कोणावर काय जबाबदारी टाकली आहे? आणि ज्यांच्यावर जबाबदारी टाकली, त्यांना अधिकार किती दिले? हे प्रश्न पाड्यांवरच्या सेवाकार्याला अगदी जवळचे आहेत. एका वणव्यामुळे एखाद्या कुटुंबाची वर्षाची कमाई जाऊ शकते आणि एका आरोपामुळे पूर्ण पाड्याचे नाव खराब होऊ शकते. म्हणून या अंकात हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

आपल्याकडे वणवा लागतो कसा?

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात कोरड्या विजेने जंगल पेटल्याच्या बातम्या आपण वाचतो. आपल्याकडे वीज बहुधा पावसाबरोबर येते. त्यामुळे आपल्या पानगळीच्या जंगलातले जवळजवळ सर्व वणवे माणसाच्या हातून लागतात, काही मुद्दाम आणि बरेचसे निष्काळजीपणाने.

पाड्यांच्या बाजूची कारणे लपवण्यात अर्थ नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि कधी तो आटोक्याबाहेर जातो. नवे गवत लवकर फुटावे म्हणून जुने गवत जाळतात. मध काढताना धूर करतात. सशासाठी, रानडुकरासाठी रान पेटवणारेही असतात. विदर्भात तेंदूची कोवळी पाने जास्त यावीत म्हणून आग लावली जाते.

शहराच्या बाजूची कारणेही तितकीच खरी आहेत. डोंगराच्या पायथ्याशी कचऱ्याचे ढीग पेटवले जातात. चेणे नदीकडे किंवा येऊरच्या बाजूला सहलीला गेलेले लोक चूल तशीच धुमसत सोडून परततात. चालत्या गाडीतून विडी-सिगारेटचे थोटूक गवतात पडते. लग्नाच्या वरातीचे फटाके असतात, आणि मोकळी जमीन 'साफ' करून घेण्यासाठी लावलेल्या आगीही असतात. ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी गोरेगावला आरेच्या बाजूच्या डोंगरावर मोठी आग लागली. तेव्हा शहराला कळले की वणवा काही फक्त दूरच्या गडचिरोलीचा विषय नाही.

आपल्याकडची आग सहसा झाडांच्या शेंड्यांवरून धावत नाही, जमिनीवरून सरपटत जाते. मोठी झाडे वाचतात, म्हणून लांबून पाहणाऱ्याला नुकसान दिसत नाही. पण रोपे जळतात. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात. साप, सरडे, कासवे मरतात. पाचोळ्याचे पांघरूण गेलेल्या उघड्या मातीवर जूनचा पहिला जोराचा पाऊस पडतो आणि वरचा सुपीक थर ओढ्याला वाहून जातो. दरवर्षी आग लागणाऱ्या रानात सागासारखी आग सोसणारी झाडे आणि गवत तेवढे उरते, बाकीच्या जाती हळूहळू कमी होतात. मीरा-भाईंदरच्या नळाला येणारे पाणी उल्हास नदी आणि बारवी धरणाकडून येते. ते पाणीही डोंगरावरच्या जंगलानेच धरून ठेवलेले असते. त्यामुळे वणव्याची झळ आपल्या इमारतीपर्यंत पोचते, फक्त ती दिसायला उशीर लागतो.

१९२७ चा कायदा: कर्तव्य आधी

जंगलाच्या आगीबद्दलचा आपला मुख्य कायदा म्हणजे भारतीय वन अधिनियम, १९२७. इंग्रज गेले, पण हा कायदा राहिला. त्यातली तीन कलमे समजली तर बरेच काही समजते.

पहिले कलम २६. राखीव वनाला आग लावणे, वनाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे किंवा पेटती सोडून जाणे, वनाधिकाऱ्याने ठरवून दिलेल्या हंगामाखेरीज आत विस्तव नेणे, हे सर्व गुन्हे आहेत. मूळ मजकुरात त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड आणि शिवाय नुकसानभरपाई होती. पुढे राज्यांनी आपापल्या दुरुस्त्यांनी शिक्षा वाढवल्या.

याच कलमातले एक पोटकलम फारसे कोणाला ठाऊक नसते. राखीव वनात कोणी जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर राज्य सरकार त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क हवा तितका काळ बंद करू शकते. गुन्हेगाराला शिक्षा झालेली असली तरीही. म्हणजे पेटवणारा एक, आणि जळणाला, गवताला, फुलांना मुकणारी माणसे शंभर. एका माणसाच्या चुकीचा भार सगळ्या वस्तीने उचलायचा, असा हा नियम आहे.

तिसरे कलम ७९. ज्याला राखीव किंवा संरक्षित वनात कसलाही हक्क आहे, जो तिथून वनोपज नेतो किंवा तिथे गुरे चारतो, त्याने वणव्याची माहिती मिळताच तो विझवण्यासाठी ताबडतोब पावले उचलली पाहिजेत. जवळपास लागलेली आग वनात शिरू नये म्हणूनही झटले पाहिजे. जंगलाला लागून असलेल्या गावातल्या सरकारी नोकरावर, गावकामगारावरही हेच बंधन आहे. हे न करणे हाही गुन्हा आहे, त्याला एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड.

आता ही तीन कलमे एकत्र वाचून पाहा. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला कायदा सांगतो: आग लावलीस तर शिक्षा, आग विझवली नाहीस तरी शिक्षा, आणि दुसऱ्याने लावली तरी तुझे हक्क बंद होऊ शकतात. पण जंगल कसे राखायचे, पाला कधी गोळा करायचा, जाळरेषा कुठून काढायची, हे ठरवताना त्याला विचारावे असे हा कायदा कुठेच म्हणत नाही.

राबाची जुनी गोष्ट

ठाणे जिल्ह्यात हा वाद नवा नाही. इथला भातशेतकरी उन्हाळ्यात राब भाजतो. ऐनासारख्या झाडांच्या डहाळ्या, पाला, शेण, गवत आणि वर मातीचा पातळ थर असे रोपवाटिकेच्या जागेवर रचून ते सावकाश जाळायचे. तणाचे बी मरते, राख मिळते, आणि पहिल्या पावसाबरोबर पेरलेले भाताचे रोप तरारून येते.

१८७८ च्या वन कायद्याखाली ठाणे-कुलाब्यातली जंगले राखीव होऊ लागली, तेव्हा राबासाठी डहाळ्या तोडण्यावर निर्बंध आले. वनखात्याला राब म्हणजे झाडांचा नाश वाटत होता, तर शेतकऱ्याला राबाशिवाय भात पिकेल हे पटत नव्हते. लोकांचा असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये एक आयोग नेमावा लागला. या मुंबई वन आयोगाने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी ऐकल्या आणि १८८७ मध्ये अहवाल दिला. राब हा त्या चौकशीतला एक मोठा विषय होता.

ही गोष्ट आज सांगायचे कारण असे की आग म्हटली की दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच टोपलीत टाकतो. शेताच्या बांधात, वारा पडलेला पाहून, चार माणसे उभी राहून भाजलेला राब वेगळा, आणि भर दुपारी वाऱ्यावर सोडलेला वणवा वेगळा. जाणत्या माणसाला हा फरक कळतो. कायद्याच्या भाषेत मात्र तो फार वेळा हरवतो.

राष्ट्रीय उद्यानात नियम आणखी कडक

आपल्या शेजारचे जंगल राष्ट्रीय उद्यान असल्याने तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. त्याच्या कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशी आग लावणे किंवा पेटती सोडणे मना आहे. कलम २७ प्रमाणे आत राहणाऱ्या प्रत्येकाने आग विझवायला मदत केलीच पाहिजे. कलम ३५ मुळे या दोन्ही तरतुदी राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतात.

वणवा टाळायचा तर मुख्य काम एकच आहे: उन्हाळ्याआधी रानातले सुके जळण कमी करणे. वाळलेले गवत कापणे, पडलेला पाला आणि काटक्या उचलणे, रस्त्याच्या कडेची घाणेरी उपटणे. आपल्या डोंगरांवरची कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळून जाते. तिच्या सुक्या काठ्या म्हणजे आगीला आयते सरपण. पूर्वी पाड्यांवर याच काठ्यांचे कुड करून, वर शेणमाती लिंपून घराच्या भिंती उभ्या राहत. गवत छपराला आणि गुरांना जाई, काटक्या चुलीत. लोक आपल्या गरजेसाठी जे नेत, त्यानेच रानातले जळण कमी होत असे.

राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरे चारायला पूर्ण बंदी आहे आणि गवताची काडीही परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही. १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून मेलेली, वाऱ्याने पडलेली झाडे आणि गवतसुद्धा काढू नये असा आदेश दिला. त्यामागचा हेतू योग्य होता. 'पडलेले झाड' या नावाखाली उभी झाडे तोडून विकली जात होती. पुढे जाळरेषा राखण्यासारख्या व्यवस्थापनाच्या कामांना न्यायालयाने मोकळीक दिली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कलम ३५ मध्येच अशी सोय आहे की वन्यजीवांच्या भल्यासाठी, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीने जे वनोपज उद्यानातून काढले जाते, ते आत आणि आसपास राहणाऱ्या लोकांना घरगुती गरजेसाठी देता येते. विकायला मात्र नाही. म्हणजे जाळरेषेसाठी कापलेले गवत जागीच जाळून टाकण्याऐवजी ते पाड्यांना देण्याचा मार्ग कायद्यातच आहे. तो वापरावा म्हणून कोणी अर्ज करायला हवा आणि कोणी तो मनापासून वाचायला हवा.

जाळरेषा म्हणजे काय?

वनखाते हंगामाआधी जंगलात ठरावीक रुंदीचे पट्टे गवत-पाचोळा काढून किंवा काळजीपूर्वक जाळून मोकळे करते. आग पळत तिथवर आली की पुढे खायला काही नसते, ती थांबते. हीच जाळरेषा. २०२३ मध्ये वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यावर इतर अनेक कारणांनी वाद झाला, पण जाळरेषा काढणे आणि राखणे हे 'वनेतर काम' नाही, हे तिने स्पष्ट लिहिले.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या मदतीने आगीच्या सूचना पाठवते. आता साधारण ३७५ मीटरच्या चौकोनात उष्णता टिपता येते आणि संदेश वनरक्षकाच्या मोबाइलवर जातो. या संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनक्षेत्राला वारंवार आग लागण्याचा धोका आहे. २०१८ मध्ये केंद्राने वणव्यांसाठी राष्ट्रीय कृती आराखडा केला, आणि लोकांना सोबत घेण्यावर त्यात भर आहे. खर्चासाठी केंद्र-राज्य मिळून चालणारी योजना आहे, आणि जंगल गमावल्याच्या बदल्यात जमा होणाऱ्या 'कॅम्पा' निधीतूनही हे काम करता येते.

हे सारे असले तरी उपग्रह आग विझवत नाही. डोंगरावर बंब चढत नाही. आग विझवतात ती माणसे, हिरव्या डहाळ्यांनी झोडपून आणि पाठीवरच्या यंत्राने पाचोळा उडवून. हंगामापुरते घेतलेले हे अग्निरक्षक बहुतेक करून जवळच्या गावांतले, पाड्यांवरचेच तरुण असतात. ज्यांच्याकडे पहिले बोट दाखवले जाते, तेच बऱ्याचदा सर्वात आधी आगीपुढे उभे असतात.

२००६: जबाबदारीला हक्काची जोड

२००६ मध्ये संसदेने अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांच्या हक्कांना मान्यता देणारा कायदा केला. आपण त्याला वनहक्क कायदा म्हणतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या किंवा तिथे राहणाऱ्या आदिवासी कुटुंबाचा हक्क तो मान्य करतो. बहुतेकांना त्यातला प्लॉटचा, म्हणजे वैयक्तिक हक्काचा भाग माहीत असतो. वणव्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा भाग आहे सामूहिक हक्काचा.

कलम ३ मधल्या एका तरतुदीने, जे जंगल गावाने परंपरेने राखले आणि वापरले, त्याचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला मिळतो. कलम ५ ग्रामसभेला अधिकार देते की जंगलाला, वन्यप्राण्यांना घातक ठरणारी कोणतीही गोष्ट थांबवावी, कोणी कधी जंगलात जावे याचे नियम करावेत आणि ते पाळले जातील हे पाहावे. नियमांप्रमाणे ग्रामसभा त्यासाठी समिती नेमते आणि जंगलाचा आराखडा तयार करते.

या कायद्याने शिकारीचा हक्क दिलेला नाही आणि जंगल जाळण्याचाही नाही. फरक एवढाच की १९२७ च्या कायद्यात जो फक्त हुकूम पाळणारा होता, तो इथे निर्णय घेणारा झाला.

याचा परिणाम दिसतो का? चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे छोटे गाव आहे. २०१२ मध्ये त्याला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपानांतून रोख पैसा मिळत असतानाही गावाने ती तोडायची नाहीत असे ठरवले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. त्याऐवजी त्यांनी बांबू नियमाने काढून विकला आणि त्यावर गावाला रोजगार दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरवर असा हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांपैकी ते एक. अशा गावांत वणवा आला तर माणसे विझवायला धावतात ती दंडाच्या भीतीने नव्हे. जळणारा बांबू आपला आहे हे त्यांना ठाऊक असते.

वनखात्याच्या चौकटीतही असे प्रयत्न झाले आहेत. संत तुकाराम वनग्राम योजनेत आग, चराई, तोड यांपासून जंगल राखणाऱ्या गावसमित्यांना बक्षिसे दिली जातात. चांगला वनाधिकारी आणि एकजुटीचे गाव भेटले की कोणतीही योजना चालते. पण अधिकारी बदलून जातो, आणि हक्क मात्र कागदावर राहतो. म्हणून हक्काचे महत्त्व अधिक.

मीरा-भाईंदरच्या पाड्यांची अडचण

मग आपल्या पाड्यांचे काय? इथे गाठ बसते. कायद्याप्रमाणे ग्रामसभा हवी, आणि ती बोलावते ग्रामपंचायत. मीरा-भाईंदरमध्ये १९८५ मध्ये नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. शेजारचा शहापूर तालुका किंवा पालघरमधले जव्हार, मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे पेसा कायद्याचा आधार आहे. आपले पाडे त्या क्षेत्राबाहेर आहेत.

कायद्याने मात्र शहराला वगळलेले नाही. 'वनजमीन' या शब्दात राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्येही धरली आहेत. 'गाव' या शब्दात जुन्या वस्त्या आणि मोजणी न झालेल्या वस्त्याही आहेत, मग त्या गाव म्हणून जाहीर झालेल्या असोत वा नसोत. आणि हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हलवता येत नाही, असे कलम ४ सांगते. दार बंद नाही, पण ते उघडायला कागदपत्रे लागतात, सभेचे ठराव लागतात, आणि कचेरीत पाठपुरावा करणारा माणूस लागतो.

वणव्याशी याचा संबंध सरळ आहे. ज्या पाड्याला उद्या आपण इथे असू की नाही याची खात्री नाही, तो पाडा पंचवीस वर्षांनी मोठे होणारे झाड कोणासाठी राखील? शेजारी इमारती उभ्या राहतात, झोपड्यांची दाटी वाढते, आणि १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याची मोहीम झाली, तेव्हापासून 'अतिक्रमण' हा शब्द जुन्या आदिवासी घराच्या दारावरही येऊन थांबतो. रानाची राखण आणि घराची शाश्वती यांना वेगळे करता येत नाही.

दूरच्या देशांकडून काय शिकावे?

अमेरिकेने अनेक दशके प्रत्येक आग विझवण्याचे धोरण ठेवले. मूळ रहिवासी थोडे थोडे रान जाळत असत, त्यालाही बंदी घातली. जंगलात जळण साठत गेले आणि आगी अधिक भीषण झाल्या. २००३ मध्ये तिथे सरकारी जंगले विरळ करून धोका कमी करण्यासाठी कायदा झाला. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये घरे जळत असतानाच आणखी एक विधेयक तिथल्या प्रतिनिधिगृहाने मंजूर केले. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये आदिवासी रखवालदार हंगामाच्या सुरुवातीला, गारवा असताना छोट्या आगी लावतात, म्हणजे पुढची मोठी आग टळते. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरांतले सोलिगा आदिवासीही सांगतात की पूर्वी पाचोळा हलकेच जाळायची रीत होती, ती बंद झाल्यावर घाणेरीने रान व्यापले.

याचा अर्थ आपणही जंगल जाळावे असा नाही. आपले जंगल वेगळे आहे, दाटीचे शहर त्याला चिकटलेले आहे, आणि इथे आगी आधीच जास्त लागतात. शिकण्याचा धडा एवढाच की आगीला फक्त बंदी घालून आग थांबत नाही. रानातले जळण कोणीतरी कमी करावे लागते, आणि ते काम त्या रानाला ओळखणाऱ्या माणसांना सोबत घेतल्याशिवाय नीट होत नाही.

आपण काय करू शकतो?

- डोंगरावर आग दिसली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर, किंवा १०१ आणि ११२ वर लगेच कळवा. जवळची खूण, रस्ता, वेळ सांगा. स्वतः एकट्याने आत शिरू नका.
- आपल्या तरुण मंडळाच्या, रविवार शाळेच्या सहली चेणे, येऊर, तुंगारेश्वर इथे जात असतील तर हंगामात चूल पेटवू नका. नेलेला कचरा परत आणा, तिथे जाळू नका.
- आपल्या सोसायटीचा माळी किंवा कंत्राटदार पाला जाळतो का, पाहा. डोंगराच्या बाजूला राहणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.
- हंगामी अग्निरक्षकांना भेटा. जाड तळाचे बूट, बॅटरी, पाण्याच्या मोठ्या बाटल्या, भाजल्यावर लावायची औषधे या साध्या वस्तूंची त्यांना गरज असते. वनखात्याच्या परवानगीने त्या देता येतील.
- आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक, तलाठी कचेरीत काम केलेले, वकील असे लोक आहेत. वनहक्काच्या दाव्याला जुने रेशनकार्ड, मतदार यादी, घरपट्टीच्या पावत्या चालतात. जुनी विहीर, दफनाची जागा, देवाचे ठिकाण हेही पुरावे धरले जातात, आणि वडीलधाऱ्यांचा जबाबही. पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे नीट लिहून घेणे हीच मोठी सेवा होईल. ती माणसे आहेत तोवरच हे होणार आहे.
- आणि पुढच्या वेळी कोणी "आदिवासींनी जंगल पेटवले" म्हणाले, तर शांतपणे विचारा: "तुम्ही पाहिलेत का?"

प्रार्थनेसाठी विषय

या उन्हाळ्यात आगीपुढे उभे राहणाऱ्या वनरक्षकांसाठी आणि अग्निरक्षकांसाठी. मोहाच्या आणि मधाच्या दिवसांत रानात जाणाऱ्या आयाबहिणींच्या सुरक्षिततेसाठी. हक्काचे दावे तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना न्यायबुद्धी मिळावी म्हणून. आणि आपल्या शहराला आपल्या पाठीशी उभ्या असलेल्या डोंगराची आणि त्याच्या कडेला राहणाऱ्या शेजाऱ्यांची आठवण राहावी म्हणून.